फिश टँकचे पाणी: कमी उचलाउचल, कमी सांडलवंड

बेळगाव, निपाणी, चिकोडी किंवा खानापूरच्या बऱ्याच घरांत दिवाणखान्यातल्या फिश टँकचे पाणी बदलणे हा रविवारचा मोठा कार्यक्रम असतो. मासे जाळीने पकडून बादलीत सोडायचे, टँकमधले सगळे पाणी मगाने उपसायचे, खडी न्हाणीघरात नेऊन धुण्याच्या पावडरीने चोळायची, काचा घासायच्या, नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरायचे आणि मासे परत आत सोडायचे. यात अर्धा दिवस जातो, फरशी भिजते, कंबर धरते आणि इतके करूनही दोन-तीन दिवसांत एखादा मासा पोट वर करून तरंगताना दिसतो. मग ‘पाणी मानवले नाही’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. वास्तविक या कामातला पसारा आणि माशांचे मरणे या दोन्हींचे मूळ एकाच सवयीत आहे, आणि ती म्हणजे सगळे पाणी एकदम बदलण्याची.

पाणी स्वच्छ दिसणे आणि ते माशांना राहण्याजोगे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. शिवाय त्यांची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया अगदी थोड्या प्रमाणातही माशांना घातक असतो. तो निस्तरण्याचे काम जिवाणू करतात. नायट्रोसोमोनास वर्गातले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा वर्गातले त्याचे पुढे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य असले तरी पाण्यात साचत जाते, आणि टँकमध्ये जोमाने वाढणाऱ्या पाणवनस्पती नसतील तर ते बाहेर काढण्याचा पाणी बदलणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. हे उपयोगी जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात; ते खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये चिकटून वाढतात. त्यामुळे खडी पावडरीने धुतली आणि स्पंज वाहत्या नळाखाली पिळला की टँक दिसायला लख्ख होतो, पण अमोनिया पचवणारी सगळी यंत्रणा मोरीतून वाहून गेलेली असते. दोन-तीन दिवसांनी मरणारा मासा बहुधा या अमोनियाचा बळी असतो.

आता थोडा हिशेब पाहू. समजा एखाद्या टँकमध्ये दर आठवड्याला लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रेट वाढते आणि भरायच्या पाण्यात ते जवळपास नाही. चार आठवड्यांनी एकदम सगळे पाणी बदलले तर नायट्रेट 40 पर्यंत चढून एका दुपारी शून्यावर येते. त्याऐवजी दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलत राहिले तर काही महिन्यांनी ते 30 आणि 40 यांच्या दरम्यान स्थिरावते. महिनाभरात लागणारे पाणी दोन्ही पद्धतींत तेवढेच, कमाल पातळीही तीच. फरक एवढाच की पहिल्या पद्धतीत माशांना 40 चा धक्का बसतो आणि दुसरीत 10 चा. पाण्याचे तापमान, जडपणा (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) आणि आम्लता यांनाही हाच न्याय लागू पडतो. शिवाय पाव हिस्सा बदलताना मासे पकडावे लागत नाहीत, सजावट हलवावी लागत नाही आणि खडी बाहेर काढावी लागत नाही. माझ्या मते या कामाचा निम्मा त्रास इथेच संपतो.

पाव हिस्सा म्हणजे किती, हे एकदा मोजून ठेवावे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि 1000 ने भागावे, की लिटर मिळतात. आपल्याकडे टँक फुटांच्या हिशेबाने विकले जातात. एक घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा नेहमीच्या टँकमध्ये कागदावर 56 लिटर पाणी मावते, पण खडीची जागा आणि वर सोडलेली दोन बोटे वजा जाता प्रत्यक्षात 45 लिटरच्या आसपास असते. त्याचा पाव हिस्सा 11-12 लिटर, म्हणजे घरातली एक मध्यम बादली. एका बादलीच्या कामासाठी रविवार खर्ची घालण्याचे कारण नाही.

ही एक बादली काढण्यासाठी मग वापरू नये. मगाने पाणी काढताना हात कोपरापर्यंत भिजतो, थेंब काचेवरून ओघळतात, मासे घाबरून धडका घेतात आणि वरचे स्वच्छ पाणी तेवढे निघून गाळ तळाशी तसाच राहतो. त्यासाठी सायफन हवा. सायफन म्हणजे एक पारदर्शक लवचिक नळी. तिचे एक टोक टँकच्या पाण्यात, दुसरे खाली बादलीत. नळी पूर्ण पाण्याने भरलेली असेल तर बादलीकडे उतरणारा पाण्याचा लांब स्तंभ टँककडच्या आखूड स्तंभापेक्षा जड ठरून खाली ओढला जातो आणि हवेच्या दाबामुळे टँकमधले पाणी त्याच्या मागोमाग काठ ओलांडून येत राहते. बाहेरचे टोक टँकमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असले पाहिजे, ही एकच अट. जितके ते खाली, तितका वेग जास्त.

सायफन सुरू करण्यासाठी नळी तोंडाने ओढण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडून द्यावी. टँकच्या पाण्यात पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो. त्याच पाण्यात कधी कधी मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणूही आढळतो, आणि तो हातावरच्या जखमेतून शिरून त्वचेवर दीर्घकाळ न भरणाऱ्या गाठी आणतो. म्हणून हाताला कापले-खरचटले असेल तर हातमोजा घालावा. नळी भरण्याचे सोपे उपाय दोन आहेत. एक म्हणजे नळाखाली ती पूर्ण भरून घ्यावी, दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबावीत, एक टोक टँकच्या पाण्याखाली नेऊन मोकळे करावे आणि मग बादलीतले टोक सोडावे. दुसरा उपाय म्हणजे मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळणारा रबरी फुग्याचा सायफन, ज्याचा फुगा दोन-तीनदा दाबला की पाणी आपोआप चालू होते. घरात वयस्कर माणूस हे काम करत असेल तर फुग्याचाच घ्यावा.

सायफनच्या टँककडच्या टोकाला जाड पारदर्शक नळकांडे लावलेले असते. ते शोभेचे नसते. खरी करामत त्यातच आहे. नळी 12 मिलिमीटर व्यासाची आणि नळकांडे 50 मिलिमीटरचे धरले तर नळकांड्याचे क्षेत्रफळ नळीच्या सुमारे 17 पट होते, आणि तेवढेच पाणी दोन्हींतून जायचे असल्याने नळकांड्यात त्याचा वेग 17 पटींनी कमी होतो. नळकांडे खडीत खुपसले की खडे जागेवरून उचलले जातात, आतल्या आत घुसळतात, पण या मंद प्रवाहात वरपर्यंत जाऊ शकत नाहीत. विष्ठा आणि कुजलेले अन्न मात्र हलके असल्याने प्रवाहाबरोबर निघून जाते. सुपात पाखडताना दाणे सुपात राहतात आणि कोंडा उडतो, तसाच हा प्रकार. नळकांड्यातले पाणी आधी तपकिरी गढूळ दिसते आणि चार-पाच सेकंदांत निवळते. निवळले की नळकांडे उचलून शेजारच्या जागी खुपसावे. वारा-पाण्याने गोल झालेली तीन-चार मिलिमीटरची खडी असेल तर हे उत्तम जमते. तळाला बारीक वाळू असेल तर ती या प्रवाहातही वर चढते, म्हणून तिथे नळकांडे वाळूच्या बोटभर वर धरून फिरवावे आणि वाळू चढू लागलीच तर नळी बोटांत चिमटून वेग कमी करावा.

लहान टँकवाल्यांची नेहमीची तक्रार अशी असते की निम्मा तळ साफ व्हायच्या आतच बादली भरते. हे स्वाभाविक आहे, कारण 12 मिलिमीटरच्या नळीतून दोन-अडीच फुटांच्या उतारावर एक बादली पाणी दीड-दोन मिनिटांतच निघून जाते. दोन फुटांच्या टँकला 8 ते 10 मिलिमीटरची नळी पुरते आणि हाताला वेळही मिळतो. नाहीतर एका आठवड्यात तळाचा डावा अर्धा भाग आणि दुसऱ्या आठवड्यात उजवा, असे वाटून घ्यावे. जिवाणूंच्या दृष्टीने तर हेच अधिक चांगले.

फरशी भिजण्याची कारणे ठरावीक आहेत. नळीचे बाहेरचे टोक बादलीतून उसळून बाहेर पडते, ही सर्वांत मोठी डोकेदुखी. कपडे वाळत घालण्याच्या दोन चिमट्यांनी ते बादलीच्या काठाला पक्के केले की ती मिटते. दुसरे कारण म्हणजे दाराची बेल वाजते, फोन येतो आणि बादली भरून वाहू लागते. यावर एक सुरेख उपाय आहे. तळाची सफाई झाल्यावर टँकमधले टोक वर उचलून, जिथपर्यंत पाणी काढायचे आहे नेमक्या त्या उंचीवर चिमट्याने काचेला अडकवावे. पाणी त्या पातळीला आले की नळीत हवा शिरते आणि सायफन आपोआप तुटतो. मग माणूस शेजारी उभा असो वा नसो, त्याखाली एक थेंबही निघत नाही. टँकच्या मागच्या काचेवर त्या उंचीला चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. भरलेली बादली उचलून नेणे टाळायचे असेल आणि न्हाणीघर जवळ असेल, तर लांब नळीने पाणी थेट मोरीत सोडता येते. पण गप्पी किंवा मोलीची बारीक पिल्ले असतील तेव्हा बादलीच बरी, कारण नळीत ओढले गेलेले पिल्लू बादलीत दिसते आणि परत सोडता येते.

विजेची काळजी मात्र पाण्याच्या आधी घ्यायची. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर, फिल्टर, एअर पंप आणि दिवा यांचे प्लग काढावेत. हीटर बंद करून किमान पंधरा मिनिटे थांबावे. गरम काच पाण्याबाहेर उघडी पडली आणि मग तिच्यावर गार पाणी आले तर ती तडकते. सॉकेटकडे जाणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली झोका देऊन मग वर नेलेली असावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब त्या झोक्याच्या तळाशी टपकतो, सॉकेटपर्यंत चढत नाही. एअर पंप टँकच्या खालच्या कपाटात ठेवलेला असेल तर दिवे गेल्यावर तोच उलटा सायफन होऊन टँकचे पाणी कपाटात आणतो. पावसाळ्यात आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो; एकेरी व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) हवेच्या नळीत बसवावा किंवा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा.

पाणी काढणे गुरुत्वाकर्षण करते. भरताना मात्र ते उलट लागते, आणि बारा किलोची बादली खांद्याइतकी उचलून टँकमध्ये ओतणे हाच या कामातला सर्वांत वाईट क्षण असतो. त्यासाठी कूलरमध्ये असतो तसा पाण्यात बुडणारा छोटा पंप घ्यावा, तो भरलेल्या बादलीत ठेवावा आणि नळीने पाणी वर चढवावे. पंपावर लिहिलेली कमाल उंची नीट वाचावी, कारण त्या उंचीला प्रवाह शून्य झालेला असतो. जमिनीपासून टँकचा काठ चार फूट असेल तर किमान सहा फूट चढवणारा पंप हवा. नळीचे टोक टँकच्या पाण्यात बुडवू नये. बुडवले आणि पंप बंद केला की टँकमधले पाणी त्याच वाटेने बादलीत परतते आणि बादली उतू जाते. टोक पाण्याच्या वर, एखाद्या बशीवर किंवा काचेवर धार पडेल असे बांधावे, म्हणजे तळही ढवळत नाही आणि पाण्यात हवाही मिसळते. पंप नसेल आणि वरच्या टाकीचा नळ जवळ असेल, तर पाणी रात्रभर मुरवून ठेवलेले पिंप टँकपेक्षा उंच स्टुलावर ठेवून सायफननेच भरता येते.

भरायचे पाणी कोणते, हा प्रश्न आपल्या भागात ठिकाणागणिक बदलतो. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून पाणी येते. शहराच्या काही प्रभागांत 2008 पासून चोवीस तास पाण्याची योजना आली, पण इतरत्र पाणी काही दिवसांआड येत असल्याने पिंपे भरून ठेवण्याची घरोघरी सवय आहे. माशांच्या दृष्टीने ही गैरसोय पथ्यावर पडते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. उघड्या तोंडाच्या पिंपात पाणी एक दिवस राहिले, त्यातही एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावलेला असला, तर तो उडून जातो आणि पाणी खोलीच्या तापमानाला येते. ताजे पाणी वापरणे भागच असेल तर क्लोरीन मारणारे थेंब घालावेत. हे बहुतेक सोडियम थायोसल्फेटचे द्रावण असते आणि त्याचा परिणाम काही मिनिटांतच होतो. बादलीत घालायचे असेल तर मात्रा बादलीपुरती, पण पाणी थेट टँकमध्ये सोडायचे असेल तर मात्रा अख्ख्या टँकच्या हिशेबाने धरावी. जुलै-ऑगस्टमध्ये नळाला गढूळ पाणी येते तेव्हा क्लोरीनही सढळ हाताने मिसळला जाण्याची शक्यता असते. त्या दिवसांत पिंपातले पाणी दोन दिवस ठेवावे आणि तळाचा गाळ न हलवता वरचेच घ्यावे.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ या जुन्या वस्त्यांत आणि खेड्यांत विहिरीचे पाणी वापरतात. त्यात क्लोरीन नसतो, अर्थात पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली नसेल तर. पण विहिरीच्या आणि विशेषतः बोअरवेलच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून तेही रात्रभर उघडे ठेवून मगच वापरावे. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्याच्या मुलखात पाणी साधारणतः मऊ असते. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत बोअरचे पाणी जड असते आणि टँकच्या काठावर पांढरे पापुद्रे धरतात. जड पाण्यात मोली आणि गप्पी सुखाने वाढतात, त्यामुळे तिथे पाणी ‘सुधारण्याच्या’ खटपटीत पडण्यापेक्षा मासे त्या पाण्याला साजेसे निवडणे अधिक शहाणपणाचे आहे. मात्र उन्हाळ्यात पातळी उतरली की वरून नुसती भर घालत राहणे घातक ठरते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार तसेच मागे राहतात, आणि प्रत्येक भरीबरोबर आणखी क्षार येतात. भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे.

तापमानाचा फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त नसावा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या पहाटेची थंडी चांगलीच असते, आणि हीटर लावलेल्या टँकमध्ये थंडगार पाणी ओतले की माशांची प्रतिकारशक्ती ढासळून अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. अशा वेळी थोडे कढत पाणी मिसळावे, पण ते तांब्याच्या बंबातले नको. तांबे माशांना विषारी असते, गोगलगायी आणि झिंग्यांना तर फारच, आणि मऊ पाण्यात त्याचा दाह वाढतो. स्टीलच्या पातेल्यात तापवलेले पाणी घ्यावे. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट स्थिती असते. गच्चीवरच्या टाकीचे दुपारचे पाणी हाताला चटका देते, त्यामुळे पाणी सकाळी बदलावे.

महिनोन्‌महिने हात न लावलेल्या टँकबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जिवाणूंच्या कामात पाण्यातले आम्ल शोषणारे क्षार हळूहळू संपतात आणि पाणी आम्लधर्मी होत जाते. अशा पाण्यात साचलेला अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. तिथे एकदम अर्धा टँक ताजे, जड पाणी ओतले की आम्लता उतरते आणि अमोनियमचे पुन्हा विषारी अमोनियात रूपांतर होते. ‘इतके दिवस बरे होते, पाणी बदलले आणि मेले’ या अनुभवामागे बहुधा हेच असते. असा टँक सुधारायचा तर दर दोन दिवसांनी दहावा हिस्सा बदलत पंधरा दिवसांत हळूहळू मूळपदावर आणावा.

बादलीत काढलेले पाणी लगेच फेकू नये. फिल्टरचा स्पंज त्यातच दोन-तीनदा पिळून घ्यावा. त्यात क्लोरीन नसल्याने जिवाणू टिकतात आणि गाळ निघून जातो. ही बादली आणि हा पंप माशांसाठीच राखून ठेवावेत, त्यांना साबणाचा स्पर्श होऊ नये. उरलेले पाणी परसातल्या जास्वंदीला, कढीपत्त्याला, कुंडीतल्या तुळशीला घालावे. त्यातले नायट्रेट झाडांचे अन्नच आहे. माशांना मिथिलिन ब्लूसारखे औषध चालू असेल किंवा टँकमध्ये मीठ घातलेले असेल, तर तेवढ्या आठवड्यांचे पाणी मोरीत सोडावे, कारण कुंडीतल्या मातीत साचलेले मीठ सहजी धुऊन निघत नाही.